फुकट गेली म्हणे!

काल कुठल्याशा चॅनेलवर पुन्हा ‘वास्तव’ लागला होता, तेवढं निमित्त पुरलं. वेंगुर्ला बंदरावर सगळे टेकतोय न टेकतोय तोच अण्णांनी निकाल दिला, “रीमा लागू फुकट गेली. रंगभूमीची वाघीण, आणि सिनेमावाल्यांनी तिला पोरांना जेवायला वाढायला लावलं.”

अण्णा बँकेतून निवृत्त झाल्यापासून रोज कशाचा ना कशाचा ऱ्हास जाहीर करतात. काल सोलकढीचा केला होता.

बाबी दशावतारात स्त्रीपार्टी. तो बिडी न काढताच म्हणाला, “फुकट? ‘मैंने प्यार किया’ इलो १९८९ त. तेव्हा ती एकतीस वर्सांची, आनि सलमानाची आवस. ‘वास्तव’ात संजय दत्ताची आवस, तेच्यापेक्षा तर एकाच वर्सान मोठी. तरी ती तेका गोळी घालता तेव्हा काल रडलंस काय नाय?”

“डोळ्यात किडा गेला होता.”

“दोनय डोळ्यांत?”

अण्णा हटले नाहीत. “पण ‘पुरुष’मधली अंबिका! समोर नाना पाटेकरचा गुलाबराव. तसं काम पुन्हा झालं का?”

‘पुरुष’ म्हटलं की आम्ही सगळे ताठ बसतो. जयवंत दळवी आरवलीचे, म्हणजे नाटक घरचंच. फक्त चाकरमानी दिन्यानं विचारलं, “दळवी म्हणजे ते टेम्पोवाले?” त्याच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

“झाला की,” बाबी म्हणाला. “‘सविता दामोदर परांजपे’. अंगात येणारी बाई करूची, आनि कोकणातल्या माणसाक ती खरी वाटूची, सोपा आसा? आनि सिनेमा केल्यान म्हणान काय बिघाडला? नाटकाच्या नाईटीवर घर चालता काय, ता माका विचार. ‘सिंहासन’ात सून, ‘तू तू मैं मैं’त सासू, २०१७ त गेली तेव्हाय मालिका चालूच. आवशीपासून नाटक घरात. ती कित्याक फुकट जाईत?”

माझ्या मते विषय इथंच संपला होता. पण अण्णांना शेवटचा शब्द लागतो. “मी ‘पुरुष’ शिवाजी मंदिरात पहिल्या रांगेत बसून पाहिलंय.”

“तेव्हा तू माज्या बापाशीची पेटी घेवन सावंतवाडीत भजनां करी हुतंस. ती पेटी अजून येवची आसा.”

“पेटीचा इथे काय संबंध?”

“भाता तरी परत दी.”

अण्णा आवाज चढवणार, एवढ्यात त्यांचा फोन वाजला. काकू. काकू हायस्कुलात शिकवायच्या. अंबिकासुद्धा शिक्षिकाच.

“जा, जा,” बाबी म्हणाला. “शिक्षिकेक दुखवल्यावर गुलाबरावाचा काय झाला, ता पहिल्या रांगेतसून नीट दिसला असतला मा?”

“काय झालं गुलाबरावाचं?” दिन्यानं अगदी मनापासून विचारलं.

अण्णा चपला शोधायला लागले. आम्हाला हसून ठसका लागला, आणि दिन्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.