‘डीटीएफ कुठल्याही कापडावर चालतं’: खुलासा

डीटीएफ (डायरेक्ट-टू-फिल्म, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग उष्णतेने कापडावर चिकटवलेला) प्रिंट कुठल्याही कापडावर, डोळे झाकून बसतो, असा मेसेज सध्या फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. सुती, पॉलिस्टर, मिश्र अशा बहुतेक कापडांवर डीटीएफ होतं, गडद रंगावरही होतं. पण ‘डोळे झाकून’ नाही.

फिल्मवरची शाई कापडाला धरून ठेवते ती वितळलेली गोंद-पावडर. रेनकोटसारख्या पाणी झटकणाऱ्या नायलॉनवर तिला पकडच मिळत नाही. कापडावर पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा गोल राहिला, तर प्रिंट सुटण्याची दाट शक्यता.

खरा घात होतो लाल पॉलिस्टरवर. प्रिंट चिकटवणाऱ्या, साधारण 150 अंश सेल्सिअसच्या गरम प्रेसमध्ये कापडाचा रंग वाफ होऊन वर चढतो आणि पांढरं अक्षर गुलाबी पडतं, कधी दोन दिवसांनी, माल दिल्यावर! म्हणून तिथे कमी तापमानाची पावडर आणि रंग अडवणारा थर घ्या, आणि चाचणीचा तुकडा दोन-तीन दिवस ठेवून मगच ऑर्डर छापा.

टॉवेलसारख्या लव असलेल्या कापडावर कडा नीट बसत नाहीत. फार ताणल्या जाणाऱ्या रिबवर (उभ्या रेघांच्या लवचीक विणीवर) मोठं सलग डिझाइन भेगाळतं. नवशिक्यांनी गुळगुळीत, घट्ट विणीच्या सुती कापडापासूनच सुरुवात करावी.