पांढरं जातं म्हणून हाडं झिजत नाहीत

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि भिशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो: ‘अंगावरून पांढरं जाणं म्हणजे हाडांचा रस वाहून जाणं, म्हणून कंबर दुखते. तार येऊ लागली की रोग वाढला. चड्डीचा रंग उडतो, इतकं ते विषारी. तुरटीच्या पाण्याने रोज आतून धुवा.’ यातलं एकही विधान टिकत नाही, आणि शेवटचं तर अपाय करणारं आहे.

हाडांचा रस? गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या ग्रंथींचा द्रव, योनीच्या अस्तराच्या झडलेल्या पेशी आणि तिथले उपकारक जिवाणू यांचा हा स्राव बनतो. बहुतेक भाग पाणीच. दिवसाला साधारण १ ते ४ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही. कंबर दुखते, दम लागतो, तर हिमोग्लोबिन तपासा. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ च्या खाली असेल तर रक्तक्षय आहे, आणि त्यावर उपचार आहेत. ‘पांढरं जातंय, मग अशक्तपणा यायचाच’ म्हणत बायका तो वर्षानुवर्षं अंगावर काढतात, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

तार येणं हा रोग नव्हे. पाळी थांबल्यावर दोन-तीन दिवस कोरडे जातात. मग इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढतं तसा स्राव आधी चिकट, नंतर सायीसारखा होतो. २८ दिवसांच्या चक्रात ११ ते १४ व्या दिवसाच्या सुमारास तो कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखा दिसतो: पारदर्शक, निसरडा, दोन बोटांत धरला तर न तुटता ताणला जाणारा. बीज सुटायची वेळ जवळ आल्याची ही खूण. अशा स्रावातून शुक्रजंतूंना वर जाणं सोपं होतं. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनमुळे तो दाट होतो, कमी होतो, तार नाहीशी होते. चक्र ३५ दिवसांचं असेल तर तार २१ व्या दिवसाच्या आसपास दिसते, कारण लांबतो तो बीज सुटण्याआधीचा टप्पा. नंतरचा साधारण १४ दिवसांचाच राहतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हे चढउतार फारसे जाणवत नाहीत. गरोदरपणात स्राव वाढतो, तेही स्वाभाविक.

गडद चड्डीवर फिकट डाग पडतो तो आम्लामुळे. योनीचा पीएच ३.८ ते ४.५ असतो, दह्याच्या जवळपास. लॅक्टोबॅसिलस जिवाणू हे आम्ल तयार करतात आणि त्यानेच इतर जंतू आटोक्यात राहतात. तुरटी, डेटॉल किंवा सुगंधी वॉश आत घातला की हीच राखण मोडते. बाहेरून साध्या पाण्याने धुणं पुरेसं आहे.

तब्येत खरंच बिघडते तेव्हा खुणा वेगळ्या असतात. दह्याच्या चोथ्यासारखा स्राव आणि खाज: बहुधा बुरशी. पावसाळ्यात अर्धवट वाळलेले आतले कपडे घालू नका. पातळ, राखाडी स्राव आणि माशासारखा वास: जिवाणूंचं संतुलन बिघडलेलं. पिवळट-हिरवा, फेसाळ: ट्रायकोमोनास, म्हणजे संबंधातून पसरणारा परजीवी, म्हणून इथे नवऱ्यालाही औषध लागतं. तिन्हींची औषधं एक नाहीत, म्हणून मेडिकलमधून मैत्रिणीची गोळी आणू नका. ताप, ओटीपोटात दुखणं, संबंधानंतर रक्त किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्ताचा डाग दिसला तर लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. जाताना शेवटच्या पाळीची तारीख सांगा, आणि तपासणीआधी दोन दिवस आत औषध किंवा क्रीम घालू नका.