मार डोक्याला, शिक्षा झोपेला

साताऱ्या-सांगलीकडच्या घरच्या, भावकीच्या, तालमीच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतो. शब्द बदलतात, गाभा तोच: “डोक्याला मार लागलेल्याला २४ तास झोपू देऊ नका, झोपला की कोमात जातो. टेंगूळ आलं तर मार बाहेर आला, काळजी मिटली. दुखलं तर नेहमीची अंगदुखीची गोळी द्या. सीटी नॉर्मल आला तर विषय संपला. तरीही पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहू द्या.” पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण यातलं एकही वाक्य जसंच्या तसं पाळण्यासारखं नाही.

आधी एक स्पष्ट करू. पुढचं सगळं किरकोळ माराबद्दल आहे, म्हणजे माणूस नीट शुद्धीवर आहे, बोलतो-चालतो आणि डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलंय. बेशुद्ध पडलेला, झटका (फिट) आलेला, घडलेलं न आठवणारा, मीटरभराहून किंवा पाचेक पायऱ्यांवरून खाली आलेला, वाहनाची धडक बसलेला पादचारी किंवा सायकलवाला, ६५ च्या पुढचा, रक्त पातळ करण्याची गोळी घेणारा, यांच्यापैकी कुणालाही तपासणीशिवाय घरी ठेवू नये. मग तो कितीही “मला काही झालं नाही” म्हणो.

“झोपला की कोमात जातो.”

उलटं आहे. झोपेमुळे मेंदूत रक्तस्राव होत नाही, आणि जागं ठेवल्यानं होणारा थांबत नाही. हा समज आला कुठून, ते मात्र समजून घेण्यासारखं आहे. कानशिलापाशी कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूनं एक धमनी जाते. तिथं हाड तडकून ती धमनी फाटली, तर कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठत जातं. अशा वेळी माणूस कधी कधी क्षणभर बेशुद्ध होऊन उठतो, कपडे झाडतो, चहा घेतो, घरी येतो, आणि काही तासांत सुस्तावतो. घरच्यांना वाटतं दमलाय, झोपलाय. नंतर तो उठत नाही. लोकांच्या लक्षात राहिलं “झोपला म्हणून गेला”. खरं तर ती झोप नव्हतीच, हरपत चाललेली शुद्ध होती.

म्हणून बघायचं ते एवढंच, की माणूस उठवल्यावर पूर्वीसारखा उठतो का. रात्रभर जागवलेला धडधाकट माणूसही सकाळी चिडचिडा होतो, डोकं जड होतं, मळमळतं, बोलताना शब्द अडतात. धोक्याची लक्षणंही नेमकी हीच. म्हणजे जागरण घडवून आपण आपल्याच हातानं पाटी पुसून टाकतो, आणि डॉक्टरांनाही मग कशामुळे काय झालं ते उलगडत नाही.

मार लागल्यावर पहिले चार-सहा तास जवळ कुणीतरी मोठं माणूस हवं, आणि पहिले २४ तास एकटं ठेवायचं नाही. झोपायच्या आधी नाव, वार, कुठं आहोत, काय घडलं हे विचारा. डोळे मिटून दोन्ही हात तळवे वर करून समोर धरायला सांगा. एक हात आपोआप खाली किंवा आत वळायला लागला तर ते वाईट लक्षण. दहा पावलं चालवून बघा. हे सगळं नीट असेल तर खुशाल झोपू द्या.

डॉक्टरांनी रात्री उठवायला सांगितलं असेल तर त्यांनी सांगितलेल्या अंतरानं उठवा. काहीच सांगितलं नसेल तर मोठ्या माणसाला पहिल्या रात्री एक-दोनदा उठवलं तरी भागतं. खांद्याला हात लावून हाक मारा आणि पूर्ण वाक्यात उत्तर घ्या: गाडीची किल्ली कुठं ठेवलीय, उद्या कोणता वार. नुसतं “हूं” चालणार नाही. लहान मुलानं कुरकुरून कूस बदलली, हातपाय हलवले, श्वास नेहमीसारखा असला तर पूर्ण जागं करायची गरज नसते.

मोबाइलचा टॉर्च डोळ्यात मारून बाहुल्या तपासायची हौस अलीकडे फार आहे. एक बाहुली मोठी होणं ही सहसा उशिराची खूण. तोवर माणूस आधीच गुंगलेला असतो. बाहुल्या सारख्या दिसतात म्हणून निर्धास्त राहू नका.

वाट न बघता १०८ ला फोन करायचा किंवा गाडी काढायची तो केव्हा? उठवूनही नीट उठत नाही, गोंधळलाय, जीभ जड झालीय, एका बाजूचा हातपाय ढिला पडलाय, डोकेदुखी वाढतच चाललीय, एकाहून जास्त उलट्या झाल्यात (मुलांत तीन किंवा अधिक), दोन-दोन दिसतंय, नाका-कानातून पाण्यासारखा द्राव येतोय, कानामागं किंवा दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं झालंय, तेव्हा. झटका आला तर कुशीवर वळवा, आजूबाजूचं टणक सामान सरकवा. चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका.

आपल्या भागात अंतराचा हिशेबही धरायला हवा. सीटी आणि मेंदूची शस्त्रक्रिया दोन्ही सोयी मिळायच्या त्या मुख्यतः मिरज-सांगली, कराड, सातारा या पट्ट्यात. जतच्या पूर्व भागातला, माणदेशातला किंवा कोयनेच्या आतल्या खोऱ्यातला पेशंट असेल तर पहिली रात्र तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी पाहुण्यांकडे काढावी. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात मध्यरात्री लाँच शोधण्यापेक्षा ते बरं.

“टेंगूळ आलं, म्हणजे मार बाहेर आला.”

टेंगूळ म्हणजे कातडीखाली, हाडाच्या बाहेर साठलेलं रक्त. डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून ते लगेच फुगतं. आतल्या रक्ताला बाहेर यायला तिथून वाट नसते. टेंगूळ असून आत काही नाही, टेंगूळ नसून आत रक्तस्राव, दोन्ही शक्य. बर्फ फडक्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं धरा, थोड्या अंतरानं पुन्हा. तेल लावून चोळणं, गरम शेक नको. वर्षाच्या आतल्या बाळाला ५ सेंटिमीटरहून मोठं टेंगूळ, किंवा कपाळ सोडून बाजूला-मागं मऊ, पिचपिचीत सूज आली तर थेट डॉक्टरांकडे. जखम असेल तर स्वच्छ फडकं सलग १० मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका; हाड आत गेल्यासारखं लागलं तर तिथं दाबू नका. हळद, कॉफी, चुना यांतलं काहीही भरलं तरी टाके घालणाऱ्याला आधी तेच धुऊन काढावं लागतं.

“नेहमीची गोळी द्या.”

इथं खरी गफलत होते. डोकेदुखीला पॅरासिटामॉल चालतं. मोठ्यांना एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम (६५० ची एक गोळी बहुतेकांना पुरते), दोन डोसांमध्ये सहा तासांचं अंतर, २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीही नाही. यकृताचा आजार, रोजचं पिणं किंवा अंगानं किरकोळ असेल तर मर्यादा आणखी कमी, ती डॉक्टरांना विचारून. अंगदुखीच्या गोळ्यांत मात्र पॅरासिटामॉलच्या जोडीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक असतं. त्यांनी रक्त गोठायला अडथळा होऊ शकतो, म्हणून निदान पहिले ४८ तास डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नकोत. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, वर तिनं गुंगी येते.

मुलांना वजनावर: किलोला १५ मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा. १२ किलोच्या पोराला १८० मिलिग्रॅम. आता बाटली बघा. ५ मिलित १२० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर साडेसात मिली, २५० चं असेल तर ३.६ मिली. “एक चमचा” हे माप म्हणूनच सोडून द्या.

हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन मनानं बंद करू नका, पण त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. दारू आणि झोपेची गोळी दोन्ही नको.

“पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत.”

एक-दोन दिवस शांत विश्रांती बरोबर आहे. या काळात मोबाइल-टीव्ही कमी केल्याचा फायदाही होतो. त्यापुढे नाही. २०१५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मार लागलेल्या तरुण मुलांच्या एका गटाला पाच दिवस कडक विश्रांती दिली, दुसऱ्याला एक-दोन दिवस. पाच दिवसवाल्यांनी जास्त लक्षणं सांगितली. पडून राहिलेला माणूस दिवसभर आपलं डोकंच तपासत बसतो, त्यातून झोपेचं घड्याळ बिघडतं.

दोन दिवसांनी १५-२० मिनिटं चाला, बोलता येईल इतक्या वेगानं. त्रास दहापैकी एक-दोन अंशांनी वाढून तासाभरात उतरत असेल तर चालू ठेवा; त्याहून वाढला तर दुसऱ्या दिवशी कमी करा. शाळा आधी अर्धा दिवस. दुचाकी, ट्रॅक्टर, कडबा कुट्टी, पत्र्यावर चढणं हे निदान दोन दिवस आणि चक्कर पूर्ण थांबेपर्यंत बंद.

तालमीतल्या पोरांचं वेगळं सांगायला हवं. कुंडलचं मैदान असो की गावच्या यात्रेचा फड, डोकं आपटून भोवंडलेला गडी त्या दिवशी पुन्हा मातीत उतरता कामा नये, वस्ताद काहीही म्हणोत. आधी चालणं, मग पळणं, मग एकट्यानं जोर-बैठका, मग हलकी लढत; प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, त्रास परतला तर एक पायरी मागं. पूर्ण जोड डॉक्टरांच्या होकारानंतर. पहिला मार पुरता बरा व्हायच्या आत बसलेला दुसरा मार जड जातो.

“सीटी नॉर्मल, विषय संपला.”

सीटीत रक्त आणि तुटलेलं हाड दिसतं. मेंदूला बसलेला हिसका दिसत नाही. म्हणून रिपोर्ट साफ असूनही डोकं दुखणं, प्रकाश-आवाज सहन न होणं, विसरणं, चिडणं हे मोठ्यांत दोन आठवडे, मुलांत चार आठवड्यांपर्यंत चालू शकतं. ते नाटक नव्हे. त्याहून लांबलं तर पुन्हा दाखवा.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत तर पहिला रिपोर्ट शेवटचा नसतो. वयानं मेंदू थोडा आक्रसतो, आवरणापर्यंत जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात, आणि साध्या धक्क्यानं त्यातली एखादी झिरपू लागते. लक्षणं तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी येतात. आजी एकाएकी विसराळू होते, दिवसा पेंगते, चालताना एकाच पायातली चप्पल निसटते. घरात “वयच झालं” किंवा “अर्धांगाचा झटका” म्हणून सोडून देतात. वेळेत कळलं तर कवटीला छोटं भोक पाडून ते रक्त काढता येतं आणि बरेच जण सुधारतात. त्यामुळे डॉक्टरांपुढं आजचा त्रास सांगून थांबू नका; “महिन्यापूर्वी न्हाणीत पाय घसरून पडल्या होत्या” हे वाक्य आधी सांगा, आणि तेव्हाचा स्कॅन सोबत न्या.