बजेट नव्हतं हे मान्य. पण मान रंगवायला काय झालं होतं?

मराठी सिनेमा पडला की ठरलेलं भांडण सुरू होतं. एक बाजू म्हणते, मराठी माणूस मराठी सिनेमाला जात नाही. दुसरी म्हणते, जाणार कसा, मल्टिप्लेक्सवाले शो कुठे देतात? २०१५ च्या एप्रिलमध्ये सरकारने प्राइम टाइमची सक्ती आणली, तरी हे भांडण काही मिटलं नाही. आणि या दोघांच्या मधे कायम एक तिसरा उभा असतो: ‘अहो, एवढ्याशा बजेटमध्ये केलंय, समजून घ्या.’ हल्ली त्याला एक चौथाही येऊन मिळालाय: ‘आज हसताय, पण उद्या हाच कल्ट होईल. तिकडे फ्रान्समध्ये बघा, असल्या सिनेमांना कसं डोक्यावर घेतात.’

‘तिकडे’ म्हणजे इथे, पॅरिसात. आणि डोक्यावर घेतात हे अर्धंच खरं आहे. इथल्या सिनेमातेकमध्ये, म्हणजे सिनेमे जपणाऱ्या आणि दाखवणाऱ्या संस्थेत, शुक्रवारी रात्री स्वस्तातल्या, बदनाम सिनेमांचे जोडखेळ लागतात आणि त्यांना गर्दीही होते. पण त्या गर्दीला वाईट सिनेमा वाईट म्हणायला लाज वाटत नाही. चौथ्या माणसाने हे नीट समजून घ्यावं म्हणून त्याच्याच आवडीचं उदाहरण घेऊ. दिग्दर्शक ज्याँ रोलँ, सिनेमा ‘झोंबी लेक’, साल १९८१.

रोलँ (१९३८-२०१०) हा इथल्या भयपटांतला अस्सल कल्ट दिग्दर्शक. त्याचा पहिला मोठा सिनेमा १९६८ च्या मे महिन्यात लागला. अख्खं पॅरिस संपावर होतं, नवे सिनेमे फारसे लागत नव्हते, म्हणून लोक याला गेले आणि चिडून बाहेर आले. पुढे व्हॅम्पायर, जुने किल्ले, दफनभूमी आणि उत्तर फ्रान्समधल्या दिएपजवळच्या पूरव्हीलचा तो दगडगोट्यांचा किनारा, एवढ्या सामग्रीवर त्याने आयुष्य काढलं. मागे खडूचे पांढरे कडे, पुढे किनाऱ्यात रोवलेल्या काळ्या लाकडी खांबांची रांग. हा किनारा त्याच्या सिनेमांत इतक्यांदा येतो की चाहते त्याला रोलँचाच किनारा म्हणतात. पैसा कधीच नव्हता. १९७३ च्या ‘द आयर्न रोझ’मध्ये मुख्य माणसं दोन, जागा आमियाँ शहरातली एक दफनभूमी आणि गोष्ट जेमतेम एका रात्रीची. सिनेमा धंद्यात सपशेल आपटला, पण आज पाहिला तरी दिग्दर्शकाला काय हवं होतं याबद्दल शंका उरत नाही.

म्हणूनच ‘झोंबी लेक’ जिव्हारी लागतो. निर्माती कंपनी यूरोसिने. काम मुळात स्पेनचा दिग्दर्शक जेस फ्रांको याच्याकडे होतं. तो बाहेर पडला आणि ऐनवेळी रोलँला बोलावलं. त्याने सिनेमा उरकला, तपासाला आलेल्या पोलिसाची छोटी भूमिकाही करून टाकली, आणि दिग्दर्शक म्हणून भलतंच नाव लावलं: जे. ए. लेझर.

गोष्ट चार ओळींची. दुसऱ्या महायुद्धात एका फ्रेंच गावातल्या लोकांनी जर्मन सैनिक मारून तळ्यात फेकले. बऱ्याच वर्षांनी ते हिरवे होऊन वर येतात, गावातल्या आणि तळ्यावर पोहायला आलेल्या बायकांना पकडतात, माना चावतात. त्यातल्या एकाची गावात मुलगी आहे, तिला मात्र तो हात लावत नाही. शेवटी सगळ्यांना जुन्या गिरणीत कोंडून जाळतात.

आता ‘बजेट कमी होतं’ हे वाक्य बाजूला ठेवून एकेक दोष हातात घेऊन पाहू. त्यात दोन ढीग पडतात: पैसे असते तर गेला असता असा, आणि फुकटात गेला असता असा.

पहिला ढीग लहान आहे. चावण्याचे प्रसंग पाहा. नट तोंड बाईच्या मानेला लावतो, तोंडातला लाल पातळ रंग ओघळू देतो, झालं. मांस तुटल्याचा भास हवा असेल तर मानेवर जिलेटिनचा किंवा रबराचा खोटा थर बसवावा लागतो, त्याखालून नळी फिरवावी लागते, आणि प्रत्येक टेकला नवा थर लागतो. त्याला माणूस, सामान आणि तासभर वेळ लागतो. ते परवडलं नाही, ठीक आहे. गाव ओस वाटतं, कारण गर्दीला पैसे द्यावे लागतात, तेही ठीक. सिनेमा विनाकारण लांबतो यालाही हिशेब आहे. तासाभराची गोष्ट पूर्ण लांबीचा सिनेमा म्हणून विकायची, तर माणूस दाराकडे चालताना, दार उघडताना, आत शिरताना आणि शिरल्यानंतर रिकामं दार, असं सगळंच ठेवावं लागतं. सत्तर मिनिटांचा सिनेमा वितरक घेत नाही.

दुसरा ढीग मात्र डोंगराएवढा आहे.

रंगभूषेपासून सुरुवात करू. सैनिकांचे चेहरे हिरवे आहेत, पण रंग जबड्याशी संपतो. कानामागे, मानेवर, मनगटाच्या वर माणसाची साधी कातडी दिसते. वर हा रंग पाण्यातून बाहेर येणाऱ्या माणसांना लावलाय, त्यामुळे तो कॉलरला लागतो आणि जिला चावतात तिच्या गळ्यालाही पुसला जातो. रंगपटातल्या कुणालाही यावरचा उपाय तोंडपाठ असतो. पाण्यात विरघळणारा रंग वापरायचाच नाही, तेलकट घ्यायचा. पातळ थर द्यायचा, वर पावडर दाबून बसवायची, जादाची झटकायची, मग दुसरा थर. कपडे घातल्यावर जेवढी कातडी उघडी राहते त्याच्या चार बोटं आतपर्यंत रंग न्यायचा, कारण हात वर केला की बाही सरकते. आणि तरीही जमणार नसेल तर कॉलर उभी करून वरची गुंडी लावायची. अंगात लष्करी गणवेश आहे, कॉलर आयतीच आहे! गुंडी लावायला बजेट लागत नाही.

मग पाणी. सिनेमाचा निम्मा धंदा पाण्याखालच्या दृश्यांवर आहे: वर निर्वस्त्र मुली पोहतायत, खालून कॅमेरा वर बघतोय, आणि तळातून हिरवा हात येतो. निर्मात्याने पैसे लावले ते याच शॉटसाठी, ते उघड आहे. खऱ्या तळ्यात दोन हातांपलीकडे दिसत नाही, म्हणून अशी दृश्यं पोहण्याच्या तलावात घेतात. त्यात गैर काहीच नाही. पण वर कमळाच्या पानांचं गढूळ तळं आणि पाण्याखाली गेलो की स्वच्छ निळं पाणी, मागे तलावाची भिंत. इथे खर्चाचं नावही काढू नका. भिंतीवर काळं कापड सोडा, खाली वजन बांधा. भिंतीपासून दूर, कॅमेऱ्याजवळ शूटिंग करा. भिंगासमोर पाणवनस्पतीच्या चार फांद्या धरा. पाण्यात मुलतानी मातीसारखी बारीक माती घाला, पण थोडी. जास्त झाली तर प्रकाश तिच्यावरूनच परततो आणि चित्र दुधाळ होतं. दिवा एकच, वरून आणि मागून. पुढून दिवा मारला की भिंत उजळते. इथे नेमकं तेच झालंय असं वाटतं.

आणि आता सगळ्यात स्वस्त चूक. मुलीचा बाप युद्धात मेला. म्हणजे ती फार तर १९४५ च्या आसपास जन्मलेली. पडद्यावर ती दहा-बारा वर्षांची आहे, म्हणजे साल १९५६-५७ असायला हवं. पण गाड्या, केस, कपडे, मुलींची ती मिनीबस, सगळं सत्तरीच्या अखेरचं. जुन्या गाड्या भाड्याने आणणं परवडत नाही, कबूल. पण अशा सिनेमांत आवाज नंतर स्टुडिओत भरतात. पात्र काय बोलतं हे शूटिंग संपल्यावरही बदलता येतं. ‘मुलगी’च्या जागी ‘नात’ म्हणायचं, सिनेमात बाळंतपणात गेलेली आई आता आजी ठरवायची, आणि मुलीची आईही लवकर गेली असं एक वाक्य महापौराच्या तोंडी घालायचं, की वीस वर्षांचा घोळ मिटला. डबिंगच्या टेबलावर दहा मिनिटांचं काम. कुणी केलं नाही, कारण कुणाला पडलेली नव्हती.

माझं म्हणणं एवढंच आहे. पैशाची कमतरता पहिल्या ढिगात दिसते, बेपर्वाई दुसऱ्यात. ‘आयर्न रोझ’मध्ये पहिला ढीग आहे, दुसरा जवळजवळ नाही. ‘झोंबी लेक’मध्ये पहिला दाखवून दुसरा झाकायला गेलं तर नाचता येईना अंगण वाकडं, यापलीकडे काय म्हणणार?

यावर घरून लगेच प्रश्न येईल की फ्रेंच माणसाचं सोडा, आपल्याकडे तरी कुणी कमी पैशात धड काम केलंय का? केलंय की. रामसे बंधूंनी १९७२ मध्ये ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ महाबळेश्वरला केला तेव्हा घरच युनिट होतं. तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्यावर, किरण ध्वनीला, अर्जुन संकलनाला, लिहायला कुमार. धुकं, रंगीत जिलेटिन लावलेले दिवे, कमी उंचीवरून वर बघणारा कॅमेरा, हे सगळं अगदी स्वस्त आहे. पण मुखवट्याचा जोड अंधारात राहील अशा बेताने दिवा लावायचा हे त्यांना कळत होतं. राक्षस कमी वेळ दाखवा, उशिरा दाखवा, मागून उजेड द्या. रामसेंचं विनोदी उपकथानक असह्य असतं, जगदीप आला की हात आपोआप रिमोटकडे जातो, तो भाग वेगळा. पण त्यांच्या सिनेमात मान रंगवायची राहिली म्हणून हसू येत नाही. तेव्हा मराठीत भयपट करताना कुणी ‘हॉलिवूडचं बजेट कुठून आणू’ म्हणालं, तर त्याला फ्रान्सकडे नव्हे, महाबळेश्वरकडे बोट दाखवावं.

आता ‘तिकडे कसं जपतात’ याबद्दल. रोलँ जिवंत असताना या देशाने त्याला जपलं हा गोड गैरसमज आहे. १९७५ च्या अखेरीस इथे कायदा आला. त्याने अश्लील आणि हिंसेला चिथावणी देणाऱ्या सिनेमांना ‘एक्स’ शिक्का मारला, त्यांच्यावर जबर कर बसवला आणि सरकारी मदतीचं दार बंद केलं. त्या काळात रोलँने पोट भरायला टोपणनावाने पॉर्न सिनेमे केले. समीक्षकांनी तर त्याची टरच उडवली. मान मिळाला तो नंतर, आणि बराचसा बाहेरून. आधी ब्रिटनमधल्या व्हिडिओ कॅसेट, मग अमेरिकेतल्या ब्लू-रे. गंमत म्हणजे ‘झोंबी लेक’चीही स्वच्छ ब्लू-रे निघाली, आणि जे दोष धूसर कॅसेटवर अंधारात लपत होते ते आता लख्ख दिसतात. जबड्यावरची हिरवी रेघ तर मोजून घ्यावी इतकी स्पष्ट.

मग इथे खरोखर घेण्यासारखं काय आहे? जपणुकीची यंत्रणा. फ्रान्समध्ये सिनेमाची प्रत ठेवीत देणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि सिनेमा बरा की वाईट हे तिथे कुणी विचारत नाही. प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के कर बसतो, तो राष्ट्रीय सिनेमा केंद्राकडे जातो आणि सिनेमाच्याच कामी येतो. म्हणजे परदेशी सुपरहिरो बघायला गेलेला माणूसही नकळत फ्रेंच सिनेमाला चार पैसे देतो. आपल्याकडे पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, पी. के. नायर यांनी आयुष्य घालवून ते उभं केलं, पण सगळ्या सिनेमांसाठी अशी सक्ती नाही. फिल्ममधली चांदी काढायला जुन्या प्रती भंगारात गेल्या, आणि त्यात ‘आलम आरा’ही कायमचा हरवला. पहिल्या बोलपटाची ही गत, तिथे कुणाच्या तरी बी ग्रेड भयपटाची निगेटिव्ह कोण सांभाळणार?

मराठी वादात मला खटकतं ते इथे. अनुदान समिती सिनेमाला गुण देते, अ आणि ब दर्जा ठरवते, आणि सगळी भांडणं त्या दर्जावर होतात. प्रत कुठे ठेवली, कोणत्या स्वरूपात ठेवली, पाच वर्षांनी ती हार्ड डिस्क उघडेल का, यावर कुणी आवाज चढवल्याचं ऐकिवात नाही. अनुदान देताना एक अट घालता येईल: अंतिम डिजिटल प्रत, ध्वनीचे सुटे ट्रॅक आणि उपशीर्षकं दोन वेगळ्या ठिकाणी जमा केल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही. दर्जा ‘ब’ असो नाही तर कुठलाच नसो. डिस्क पडून राहिली तर मरते, म्हणून दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर नक्कल करायची जबाबदारीही लिहून ठेवावी. याला लागणारा पैसा एका गाण्याच्या शूटिंगपेक्षा कमी असेल.

आणि समीक्षेत ‘बजेट’ हा शब्द आला की समीक्षकाने पुढचं वाक्य लिहायला हवं: कोणता दोष पैशाने गेला असता? संवाद ऐकू येत नाहीत, कारण माइक चुकीच्या जागी होता? मग ते बजेट नव्हे. एका प्रसंगात शर्टाची बाही दुमडलेली, पुढच्या शॉटला सरळ? कंटिन्युइटीची वही आणि फोनवरचे फोटो, खर्च शून्य. ड्रोनचा शॉट उगाच तीनदा? तिथे पैसे जास्तच होते म्हणायचे.

ज्यांना रोलँ पाहायचाच आहे त्यांनी १९७९ चा ‘फॅसिनेशन’ आधी बघावा, मग ‘आयर्न रोझ’. झोंबीच हवे असतील तर त्याचाच १९७८ चा ‘द ग्रेप्स ऑफ डेथ’, दक्षिण फ्रान्समधल्या सेव्हेन नावाच्या डोंगरातल्या थंडीत केलेला. द्राक्षांवरच्या फवाऱ्याने बिघडलेली वाइन पिऊन माणसं सडत जातात, आणि दगडी गावं, धुकं, रिकामे रस्ते यांचा पुरेपूर वापर होतो. ‘झोंबी लेक’ शेवटी, आणि त्यातही मेलेला बाप आणि मुलगी समोरासमोर येतात तेवढंच थांबून पाहा. तिथे कॅमेरा घाई करत नाही, मुलगी घाबरत नाही, आणि मिनिटभर का होईना, जे. ए. लेझरच्या जागी रोलँ बसलेला दिसतो. मान तिथेही अर्धीच रंगवलीय.