रोटेटरला कुणीतरी अक्कल द्या

अरे बाबा, रोटेटर म्हणजे दुर्बिणीला लावलेला कॅमेरा फिरवणारी मोटर, आणि कॅमेऱ्याची फ्रेम आयताकृती असते! ७० अंश काय नि २५० अंश काय, चौकट तीच. चित्र उलटं येईल, पण ते स्टॅकिंगमध्ये (अनेक फोटो एकावर एक रचताना) आपोआप सुलटं होतं. तरी मेरिडियन फ्लिप (तारा माथ्यावरची उत्तर-दक्षिण रेषा ओलांडतो तेव्हा दुर्बीण दुसऱ्या बाजूला पलटते तो) झाला रे झाला की दुर्बीण चालवणारं हे सॉफ्टवेअर रोटेटरला अख्खे १८० अंश गरागरा फिरवणार. कशाला? यूएसबीची वायर फोकसरला (फोकस जुळवणाऱ्या भागाला) गुंडाळायला?

मुंबईकराला आकाश मिळतं तरी किती? चार महिने पावसाने खाल्ले, गच्चीवरून नुसता पिवळट उजेड. म्हणून सगळा पसारा गाडीत कोंबून वांगणी गाठायची. तिथे मृग ऐन माथ्यावर आणि हा पठ्ठ्या फिरतोय, फोटो काढतोय, प्लेट सॉल्व्ह करतोय (फोटोतल्या ताऱ्यांवरून दिशा नि कोन काढतोय), अर्धा अंश चुकला म्हणून पुन्हा फिरतोय. वर कोन हलला की आधीचे फ्लॅट्स (डाग घालवायला एकसारख्या उजेडाचे काढलेले फोटो) बाद, कारण धुळीचे डाग सरकलेले. (डास वेगळेच.)

ॲस्कॉममध्ये (दुर्बिणीची उपकरणं सॉफ्टवेअरला जोडणाऱ्या प्रणालीत) यांत्रिक कोन आणि आकाशातला कोन वेगवेगळा वाचायची सोय आहे. वापरा ना ती! वायरला झेपेल तेवढीच मर्यादा घालू द्या, १८०चा फरक चालेल का ते एकदा विचारा. नव्या अपडेटमध्ये काय दिलं यांनी? बटणांना गोल कोपरे.