गव्हाच्या दोन भाकरी आणि अग्नीच्या जिभा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मी लगेच उत्तर लिहायला बसले आणि दोन परिच्छेदांनंतर ते पुसून टाकलं. रागाच्या भरात लिहिलेलं मलाच दुसऱ्या दिवशी वाचवत नाही. आता शांतपणे लिहिते आहे, म्हणून लांबलं आहे.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. पेंटेकॉस्ट म्हणजे येशूच्या शिष्यांवर अग्नीच्या जिभांच्या रूपात झालेलं पवित्र आत्म्याचं अवतरण, मंडळीचा म्हणजे ख्रिस्ती समाजाचा जन्म. आणि मी मात्र त्याला शेतकऱ्यांच्या सुगीच्या सणावर चढवलेला मुलामा करून टाकलं, असं तुम्हाला वाटतं. 'गव्हाच्या कापणीचा आणि अग्नीच्या जिभांचा काय संबंध?' असं तुम्ही विचारता. पुढे म्हणता की यहूदी लोक त्या दिवशी सीनाय पर्वतावर मोशेला नियमशास्त्र मिळाल्याचा सण करतात, कापणीचा नव्हे, त्यामुळे माझी माहितीच चुकीची आहे. आणि पेंटेकॉस्ट हा शब्द मुळात ख्रिस्ती आहे.

शब्दाचं आधी उरकून टाकू. 'पेंटेकोस्टे' म्हणजे ग्रीकमध्ये पन्नासावा. तोबिताच्या पुस्तकात आणि मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात हा शब्द सणाचं नाव म्हणून येतो, आणि ही दोन्ही पुस्तकं येशूच्या जन्माआधीची आहेत. ग्रीक बोलणारे यहूदी आपल्या सप्ताहांच्या सणाला हेच म्हणत. 'पन्नासावा दिवस आला' असं 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो तेव्हा तो नवं नाव देत नसतो, आधीच कॅलेंडरात असलेल्या दिवसाकडे बोट दाखवत असतो.

सीनायच्या बाबतीत मात्र माझी चूक झाली. त्या दिवशी यरुशलेमात जमलेला प्रत्येक यहूदी सीनाय पर्वताचीच आठवण करत होता, असं मी ठोकून दिलं होतं. इतकं ठाम लिहायला आधार नाही. मोशेच्या पाच पुस्तकांत या सणाची जी नावं येतात ती सगळी शेतातली किंवा मोजणीतली आहेत: निर्गमात कापणीचा सण, तिथेच पुढे आणि 'अनुवाद' या पुस्तकात सप्ताहांचा सण, गणनेत प्रथमफळांचा दिवस. सीनायचा उल्लेख एकदाही नाही. इस्राएली लोक तिसऱ्या महिन्यात सीनायला पोहोचले एवढंच निर्गमाचा १९वा अध्याय सांगतो. जोड हळूहळू बसत गेली. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या 'जुबिलींच्या पुस्तकात' हा सण कराराचा सण होतो. पुढे रब्बींनी नियमशास्त्र मिळाल्याचा दिवस तोच ठरवला. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं, आणि मग पहिला गहू घेऊन जायला जागाच उरली नाही. त्यानंतर सीनायचा अर्थ पुढे आला आणि तोच मुख्य झाला.

म्हणजे आजच्या सणाबद्दल तुम्ही बरोबर आहात. पण नंतरचा अर्थ मागच्या काळावर चढवायची जी चूक मी केली, तीच तुम्हीही केली आहे. मंदिर उभं होतं तेव्हा हा दिवस गव्हाचा होता. आजही सभास्थानं हिरव्या डहाळ्यांनी सजवतात आणि रूथचं पुस्तक वाचतात. कापणी सणातून पुरती गेलेली नाही.

लूकच्या मनात सीनाय असेल का? मला वाटतं, असावा. आकाशातून आवाज, वारा, अग्नी ही सामग्री ओळखीची आहे. अलेक्झांड्रियाचा फिलो, येशूच्याच काळातला यहूदी विचारवंत, सीनायबद्दल लिहितो की तिथल्या ज्वाळेतून ऐकणाऱ्यांच्या ओळखीच्या भाषेतले शब्द उमटले. लूकने ते वाचलं होतं असं मी म्हणत नाही, पण अशी कल्पना त्या काळात हवेत होती. एक तुलना मात्र मला खटकते, आणि तुमच्या प्रतिक्रियेतही ती आहे: सीनायपाशी सोन्याच्या वासराची पूजा केल्यापायी सुमारे तीन हजार मेले, पन्नासाव्या दिवशी सुमारे तीन हजारांचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे नियमशास्त्र मारतं आणि आत्मा जगवतो. आकडे जुळतात खरे. पण लूक असं काही सुचवत नाही. त्या खोलीतले एकशेवीस शिष्य आणि बाहेरचा जमाव, झाडून सगळे यहूदी किंवा यहूदी धर्म स्वीकारलेले लोक होते. ते आपला सण करायला आले होते, त्याच्या विरोधात उभे राहायला नव्हे.

आता गहू.

वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटका झाल्याच्या यहूदी सणाच्या सुमाराला कनान देशात सातू म्हणजे जव पिकतो. लेवीय २३ सांगतं की त्या पिकाची पहिली पेंढी याजकाकडे न्यायची, आणि याजकाने ती परमेश्वरासमोर ओवाळायची. तोवर नव्या धान्याचा दाणाही तोंडात घालायचा नाही. तिथून सात आठवडे मोजायचे. तेवढ्यात गहू तयार होतो. पन्नासाव्या दिवशी नव्या गव्हाच्या सपिठाच्या दोन भाकरी आणायच्या, आणि त्या खमीर घालून भाजलेल्या. खमीर वेदीवर जाळायला मनाई होती, म्हणून या भाकरी ओवाळून याजकाला दिल्या जात. घरी रोज खातात तशी फुगलेली भाकरी देवापुढे आणायची, ही गोष्ट मला फार आवडते. (त्या दोन भाकरी म्हणजे यहूदी आणि विदेशी, असा अर्थ प्रवचनांतून पुष्कळदा ऐकू येतो. सुंदर आहे, पण मजकुरात नाही, म्हणून मूळ लेखात मी तो घेतला नव्हता.)

मोजायला सुरुवात कधी करायची, यावर त्या काळी चांगलाच वाद होता. 'शब्बाथाच्या दुसऱ्या दिवसापासून' एवढंच लेवीय म्हणतं. परूशी या यहूदी पंथाचे लोक म्हणत, शब्बाथ म्हणजे इथे वल्हांडण सणाचा पहिला दिवस. त्यांच्या विरोधातल्या सदूकी पंथाच्या गटातले म्हणत, नाही, आठवड्याचा शब्बाथ, म्हणजे शनिवार. म्हणजे पन्नासावा दिवस नेहमी रविवारीच. योहानाच्या शुभवर्तमानातला हिशोब धरला तर येशूच्या मृत्यूच्या वर्षी सणाचा पहिला दिवस आणि शब्बाथ एकत्रच आले होते. मग दोन्ही पक्षांची पेंढी रविवारी ओवाळली गेली असणार. आणि रिकामी कबर सापडली तो दिवसही रविवारच. करिंथकरांना लिहिताना प्रेषित पौल पुन्हा उठलेल्या ख्रिस्ताला 'महानिद्रा घेणाऱ्यांतलं प्रथमफळ' म्हणतो ते या पार्श्वभूमीवर ऐकून पाहा.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. तुम्ही त्याला मुलामा म्हणता. मला तर वाटतं, कापणी बाजूला केली की पेंटेकॉस्टचा ख्रिस्ती अर्थच लंगडा पडतो. प्रथमफळ म्हणजे काय? पहिली पेंढी मंदिरात पोहोचली तेव्हा बाकीचं पीक शेतात उभंच असतं. त्यावर गारा पडू शकतात, टोळ येऊ शकतात. पेंढी नेणारा माणूस 'सगळं पदरात पडलं' म्हणून नेत नाही. बाकीचंही येणार आहे या भरवशावर नेतो. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की आपल्याला 'आत्मा हे प्रथमफळ' मिळालं आहे, आणि त्याच वाक्यात म्हणतो की आपण कण्हतो आहोत. एका दमात दोन्ही. पवित्र आत्मा मिळाला म्हणजे सगळं मिळालं, आता दुःख नाही, शंका नाही, आजार नाही, अशी शिकवण ज्यांनी ऐकली आहे आणि मग घरी जाऊन स्वतःलाच दोष दिला आहे, त्यांच्यासाठी हे वाक्य महत्त्वाचं आहे. पीक अजून उभं आहे, आणि हे कळायला शेतातूनच जावं लागतं.

त्या दिवशी शिष्य निरनिराळ्या भाषांत बोलू लागले, त्या चमत्काराचंही तसंच. प्रथमफळं आणणाऱ्याने काय बोलायचं ते अनुवाद २६ मध्ये ठरवून दिलं आहे: माझा पूर्वज भटका अरामी होता, तो मिसरात गेला, तिथे आम्हाला छळलं, परमेश्वराने आम्हाला बाहेर काढलं, आणि हे बघ, त्याने दिलेल्या भूमीचं पहिलं फळ. इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात, म्हणजे रब्बींच्या नियमसंग्रहात, ही फळं घेऊन जाणाऱ्या मिरवणुकीचं वर्णन आहे. पुढे शिंगांना सोन्याचा मुलामा दिलेला बैल, बासरी, टोपल्या. (मुलामा हा शब्द आला तर असा आला.) मिश्ना हेही सांगतो की प्रथमफळं पन्नासाव्या दिवसाच्या आधी आणायची नाहीत, आणि ते निवेदन हिब्रूतच करायचं, दुसऱ्या कुठल्याही भाषेत नाही. ज्यांना येत नसे त्यांना एकजण शब्द सांगे आणि ते मागून म्हणत. पण झालं असं की न येणाऱ्यांना लाज वाटू लागली आणि त्यांनी फळं आणायचंच सोडलं. तेव्हा उपाय काढला: येवो न येवो, सगळ्यांनाच शब्द सांगायचे.

आता प्रेषितांची कृत्ये, अध्याय दुसरा. पार्थी, मेदी, एलामी, मेसोपटेम्या, कप्पदुकिया, पंत, फ्रुगिया, मिसर, लिबिया, रोम, क्रेत, अरबस्तान इथून आलेले लोक म्हणतात, आम्ही आपापल्या भाषांत देवाची महत्कृत्ये ऐकतो आहोत. देवाची महत्कृत्ये म्हणजे त्या निवेदनाचाच विषय. मिश्नातले नियम त्या वर्षी जसेच्या तसे पाळले जात होते असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. तरी ज्याला हिब्रू येत नाही त्याची लाज हा त्या सणातला खरा, माणसांचा प्रश्न होता एवढं त्यातून दिसतं. लूकच्या कथेत कोणाला कोणाच्या मागून शब्द म्हणावे लागत नाहीत. चमत्कार कमी करणं म्हणतात ते हे असेल, तर मला त्यात चमत्कार वाढलेलाच दिसतो.

येशूचा शिष्य पेत्र उठून योएल संदेष्ट्याचं वचन सांगतो ते तुम्ही मला उद्धृत करून पाठवलंत, त्याबद्दल आभार. पण तुम्ही ते पेत्राने सुरुवात केली तिथूनच घेतलंत. योएलात पाच-सहा वचनं मागे जा. टोळधाडीने देश उजाड झाला आहे, मंदिरातलं अन्नार्पण बंद पडलं आहे. मग देव म्हणतो, पाऊस पाडीन, आगोटीचा आणि वळवाचा. खळी गव्हाने भरतील, कुंडं नव्या द्राक्षारसाने आणि तेलाने उतू जातील. टोळांनी खाल्लेल्या वर्षांची भरपाई करीन. आणि 'यानंतर' आपल्या आत्म्याचा मनुष्यमात्रावर वर्षाव करीन. मुलगे आणि मुली, म्हातारे आणि तरुण, दास आणि दासी, सगळ्यांवर. मराठी बायबलने वापरलेला शब्द किती नेमका आहे बघा: वर्षाव. त्यात पाऊस आहेच. आधी भुईवर, मग माणसांवर. गव्हाचा आणि आत्म्याचा संबंध मी जोडलेला नाही, तो योएलाने जोडला आणि पेत्राने नेमका सुगीच्या सणाला उचलला.

'मंडळीचा वाढदिवस' हा शब्दप्रयोग मी का टाळला, असंही तुम्ही विचारलंत. चुकीचा आहे असं नाही, पण तो मला थोडा गुळगुळीत वाटतो. पहिल्या काही शतकांत ख्रिस्ती लोक पेंटेकॉस्ट म्हणजे बहुधा पुनरुत्थानापासूनचे सगळेच पन्नास दिवस समजत, इ.स. ३२५च्या निकियाच्या परिषदेने त्या दिवसांत गुडघे टेकून नव्हे, उभं राहून प्रार्थना करायची असं ठरवलं. सुरुवात आणि शेवट मिळून एकच आनंदाचा काळ, सातू ते गहू. वाढदिवस म्हटलं की फक्त शेवटचा दिवस उरतो.

एक गोष्ट मूळ लेखात फार घाईत उरकली होती, आणि तुमच्यामुळे ती पुन्हा काढता आली. लेवीय २३ मध्ये दोन भाकरींचे नियम संपतात आणि लगेच, मध्ये दुसरा विषय न येता, सांगितलं आहे: शेताचे कोपरे कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. अनुवाद १६ त्या सणाच्या पंक्तीला दास, दासी, लेवी, उपरा, अनाथ आणि विधवा यांना बसवतं. आणि प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय जिभांवर संपत नाही. लोक जमीनजुमला विकून ज्याला जशी गरज तसं वाटून देतात, तिथे संपतो. उपदेशक बहुतेक वेळा चाळीस वचनांपाशी थांबतात. मला उरलेली सातही सणाचाच भाग वाटतात.

रूथ बेथलेहेमला आली ती सातूची कापणी सुरू होताना. सातू संपून गव्हाची कापणी संपेपर्यंत ती सरवा वेचत राहिली, असं दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी लिहिलं आहे. म्हणजे जवळजवळ तेच पन्नास दिवस. ती मवाबी होती, आणि मवाब्याला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही असं अनुवाद २३ सांगतं. पन्नासाव्या दिवशीच्या भाषणात पेत्र जमावाला दाविदाच्या कबरीची आठवण देतो, ती आजही आपल्यात आहे म्हणून. दाविदाचा बाप इशाय, इशायाचा बाप ओबेद, आणि ओबेदाची आई रूथ. गव्हाचा आणि अग्नीच्या जिभांचा काय संबंध, असं तुम्ही विचारलं होतं. मी तो तिच्या शेतापासून मोजते.

सीनायचं ते वाक्य मूळ लेखात आजच बदललं आहे.