भूमध्य समुद्रास जाणेस हरकत नाही

आमच्या घरात रविवारी मटण करायचं की चिकन, हे शनिवारी रात्रीपर्यंत ठरत नाही. ठरलं तरी सकाळी मी दुकानापुढच्या रांगेत उभा असताना फोन येतो, ‘‘अहो, आईंचा उपास आहे आज, विसरलात ना?’’ अशा घराला एका परदेशी सरकारपुढं लेखी सांगायचं होतं की चौदा दिवसांत आम्ही पाचजण रोज कुठं असू, कुठं झोपू आणि कशात बसून पुढं जाऊ.

सुरुवात बायकोनं केली. लग्नाला वीस वर्षं झाली आणि ती म्हणाली, ‘‘यंदा गोवा नको. गोव्यात निम्मं कोल्हापूर भेटतं.’’ मग कुठं, तर रोम. नुसतं रोम कशाला, एवढं विमानाचं भाडं भरायचं तर अथेन्स आणि बार्सिलोना पण. मी साखर कारखान्यात हिशेब खात्याला आहे. गळीत हंगाम उरकला, मार्च एंड उरकला की मे महिन्यात मला घरात आणि कारखान्यात सारखीच किंमत असते. तिकडं जुलै-ऑगस्टमध्ये ऊन इतकं भाजतं की अथेन्सचं अक्रोपोलिस कधीकधी भर दुपारी बंद ठेवावं लागतं. लेकीची शाळा जूनच्या मध्याला. तेव्हा मेचा उत्तरार्ध पक्का झाला. या एवढ्या एका मुद्द्यावर भांडण झालं नाही, म्हणून मुद्दाम नोंद करून ठेवतोय.

आमचे आप्पा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. जगातली कुठलीही घटना ते आधी मराठ्यांच्या इतिहासात नेऊन बसवतात, मग तिच्याकडं बघतात. मी म्हटलं, अक्रोपोलिसवरच्या पार्थेनॉन या देवळाचा बराच भाग 1687 मध्ये उडाला. तुर्कांनी आत दारूगोळा ठेवला होता, त्यावर व्हेनिसवाल्यांचा तोफगोळा पडला. आप्पा म्हणाले, ‘‘म्हणजे इकडं संभाजी महाराज औरंगजेबाशी झुंजत होते तेव्हा.’’ झालं. पार्थेनॉनला परवानगी मिळाली. बार्सिलोनाचं सग्रादा फामिलिया हे चर्च 1882 ला बांधायला घेतलं आणि अजून पूर्ण झालेलं नाही, हे ऐकून मात्र त्यांनी नकारार्थी मान हलवली. ‘‘त्यासाठी तिकडं कशाला जायचं? आपल्या गल्लीतलं गटार बघ की.’’

लेकीला ग्रीसचं सँतोरिनी बेट पाहिजे होतं. तिथं इतिहास काय आहे, असं आप्पांनी विचारल्यावर ती म्हणाली, ‘‘फोटो चांगले येतात.’’ सँतोरिनी तिथंच बुडालं. बार्सिलोनात 2024 च्या जुलैमध्ये पर्यटकांना कंटाळलेल्या लोकांनी हॉटेलात जेवणाऱ्या पाहुण्यांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या होत्या, ही बातमी मी वाचून दाखवली. वाटलं, चार रात्रींचा खर्च तरी वाचेल. आई म्हणाली, ‘‘मग काय झालं? रंगपंचमीला आपण काय वेगळं करतो?’’

खरं तर आई येणारच नव्हती. ‘‘मी कशाला तिकडं चर्चं बघायला? तुम्ही जावा. मी कुलपाला असते.’’ तेव्हा आप्पांनी हुकमाचा पत्ता काढला.

कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये ग्रीकांच्या समुद्रदेवाची काशाची छोटी मूर्ती आहे, पोसायडनची. आमच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात सापडलेली. रोमन व्यापाराबरोबर दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराला ती पंचगंगेकाठी आली. आम्ही शाळेत असताना आप्पांनी ती इतक्यांदा दाखवली की मला तो लांबचा चुलतमामा वाटायचा. ‘‘तो इकडं आला,’’ आप्पा म्हणाले, ‘‘आणि त्याच्या बदल्यात आपलं कोण तिकडं गेलं, माहीत आहे? लक्ष्मी.’’

इटलीत नेपल्सजवळच्या पाँपेईत 1938 साली हस्तिदंताची एक वीतभर मूर्ती सापडली. तिथला व्हेसुव्हियस ज्वालामुखी इसवी सन 79 मध्ये फुटला, त्या राखेखाली ती होती, म्हणजे त्याच्याही आधी ती इकडून तिकडं पोचलेली. तशाच धाटणीची एक धाराशिवकडं तेरला मिळाली आहे. पंडित मंडळी म्हणतात ती लक्ष्मी नसून यक्षी असावी. पण नाव पडलं ते पडलं, पाँपेईची लक्ष्मी. आता नेपल्सच्या म्युझियममध्ये असते.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘दोन हजार वर्षं माहेरचं माणूस गेलं नाही व्हय तिच्याकडं?’’

अशा रीतीनं रोम-अथेन्स-बार्सिलोनामध्ये नेपल्स घुसलं. अथेन्स तीन रात्री, रोम चार, नेपल्स तीन, बार्सिलोना चार. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, नियम असा की ज्या देशात मुक्काम जास्त, त्याच्याकडं व्हिसाचा अर्ज. मुक्काम समसमान झाले तर ज्या देशात आधी उतराल त्याच्याकडं. आमच्याकडं सरकारं याहून कमी स्पष्ट नियमांवर बनतात. इटलीला सात रात्रींचं बहुमत मिळालं आणि बायको म्हणाली, ‘‘बघितलं? शेवटी तुमच्या आईंनी ठरवलं.’’

त्यानंतर आईची एकच अट होती. देवीला जायचं तर मंगळवारी नाहीतर शुक्रवारी. मी तक्त्यात मंगळवारी नेपल्सचं म्युझियम बसवलं, त्याच्या मागंपुढं आगगाड्या बसवल्या, हॉटेलं बसवली. (ऐन वेळी रद्द केली तर पैसे कापत नाहीत अशी हॉटेलं शोधण्यात माझी जेवढी रात्र गेली तेवढ्यात वार्षिक ताळेबंद झाला असता.) चार दिवसांनी लेक मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, ‘‘पप्पा, ते म्युझियम मंगळवारी बंद असतं.’’

एक वार सरकवायचा म्हणजे किती, असं आपल्याला वाटतं. शुक्रवारी नेपल्स घेतलं तर रोम पुढं ढकलावं लागतं. रोम ढकललं तर व्हॅटिकनची म्युझियमं रविवारी येतात, आणि ती महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. ते टाळायला अथेन्सची एक रात्र कमी करावी तर इटलीत आठ होतात, बायको हिशेब मागते. मी आयुष्यभर दुसऱ्याचे ताळेबंद जुळवले, हा मला तीन रात्री जुळला नाही. शेवटी अथेन्स आणि बार्सिलोनाची जागा बदलली, आधी बार्सिलोना आणि शेवटी अथेन्स असं उलटं फिरवलं, आणि सगळं एका झटक्यात बसलं. पहाटे अडीच वाजता मी एकटाच टाळी वाजवली.

मग कागद. कारखान्याचं ना हरकत पत्र लागतं. आमचे हेडक्लार्क तीस वर्षं एकाच साच्यात पत्रं काढतात. साचा बदलायला त्यांना जमत नाही आणि आवडतही नाही. पत्र आलं ते असं: ‘सदर कर्मचारी यांना कुटुंबासह भूमध्य समुद्रास जाणेस व तेथून परत येणेस कारखान्याची हरकत नाही. सदरचा प्रवास ते स्वखर्चाने करणार असलेने कारखान्यावर कोणताही बोजा पडणार नाही.’ खाली जावक क्रमांक, गोल शिक्का. मी म्हटलं, साहेब, इंग्रजीत पाहिजे. त्यांनी दुसऱ्या दिवशी इंग्रजी केलं. त्यानुसार मी पृथ्वीच्या मध्यभागी असलेल्या समुद्रात जाणार होतो. समुद्राकडं नव्हे, समुद्रात. तिथून परत येण्याला हरकत नसल्याचा उल्लेख मात्र भाषांतरात गळला होता.

ते दुरुस्त होईपर्यंत बँकेचा घोळ झाला. खात्यावर पुरेशी शिल्लक दिसली पाहिजे हे कळल्यावर आप्पांनी मला न सांगता त्यांची मुदत ठेव मोडून पाच लाख माझ्या खात्यात टाकले. मुलाची इज्जत राहावी म्हणून. व्हिसाचं काम करून देणारा एजंट म्हणाला, अचानक आलेली मोठी रक्कम संशयास्पद दिसते. हे ऐकून आप्पांनी लगेच ते पैसे परत घेतले. आता माझ्या खात्यात पाच लाख आले होते आणि दोनच दिवसांत गेले होते. एजंटनं उतारा बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि विचारलं, ‘‘तुमचा धंदा काय आहे नक्की?’’

प्रवासाचा विमा किमान तीस हजार युरोंचा हवा. आप्पांना चष्मा लावून प्रत्येक कागद मोठ्यानं वाचायची सवय आहे. ‘‘आजारपण, तातडीचे उपचार, आणि मृत्यू झाल्यास मायदेशी आणण्याचा खर्च.’’ जरा थांबून म्हणाले, ‘‘हे बरं आहे. जिवंत आलं तर आपल्या पैशानं, मेलं तर त्यांच्या.’’ आईनं पोळपाटावरचं लाटणं आपटलं आणि वाचन थांबलं.

फोटो 35 बाय 45 मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, चेहरा मोठा, हसू नाही. चेहऱ्याच्या कडा स्पष्ट हव्यात म्हणून फोटोवाला आईला म्हणाला, मावशी, पदर जरा मागं घ्या. तिनं घेतला आणि आरशात बघून परत पुढं ओढला. असं सातवेळा. आठव्या फोटोत ती एखाद्या खुन्यासारखी दिसत होती, तो फोटोवाल्यानं पसंत केला.

व्हिसा केंद्र पुण्याला. पहाटे चारला निघालो. बोटांचे ठसे घ्यायच्या काचेवर सगळ्यांचे उमटले, आईचे उमटेनात. त्या मुलीनं बोटं पुसली, थोडं तेल लावलं, पुन्हा दाबली. पन्नास वर्षं भाकरी थापून आणि भांडी घासून बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. मशीन लाल दिवा दाखवत होतं आणि आई त्याच्यावर तव्यावरच्या भाकरीला दाबावं तशी बोटं दाबत होती. पाचव्या खेपेला हिरवा दिवा लागला. तेवढ्यात त्या मुलीनं गप्पा म्हणून विचारलं, ‘‘फिरायला चाललाय ना आजी?’’

‘‘नाही,’’ आई म्हणाली. ‘‘ओटी भरायला.’’

अर्जात मी ‘पर्यटन’ लिहिलं होतं. माझ्या पोटात गोळा आला. पण ती मुलगी साताऱ्याकडची निघाली, तिनं नुसतं हसून पुढचा टोकन नंबर पुकारला.

रोमच्या कोलोसियमची तिकिटं महिनाभर आधी खुली होतात आणि तिकिटावर प्रत्येकाचं नाव लागतं. पाँपेईतही आता दिवसाला वीस हजार माणसांचीच मर्यादा आणि नावानिशी तिकीट. इटली आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागं. हा हिशेब मी एकदा उलटा केला आणि सात तासांनी चुकलो. त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही, घरात पुरेसं बोलून झालंय. बिडेचं, म्हणजे संडासाशेजारच्या धुवायच्या भांड्याचं, मात्र सांगतो. युरोपात संडासात पाणी नसतं ही आप्पांची खरी काळजी होती, आणि ती ते कुणाला बोलून दाखवत नव्हते. नुसते ‘‘एक तांब्या बॅगेत टाक’’ म्हणायचे. मी शोधून सांगितलं की इटलीत 1975 पासून घराच्या न्हाणीघरात बिडे असणं कायद्यानंच सक्तीचं आहे. त्या दिवसापासून आप्पा इटलीविषयी आदरानं बोलायला लागले. रोमन कायद्याची परंपरा, वगैरे. तांब्या तरी बॅगेत आहेच, ग्रीससाठी.

व्हिसा आले. आता खायचं. आईनं यादी काढली: भडंग, मेतकूट, बेसनाचे लाडू, साजूक तूप, आणि मे महिना असल्यामुळं दोन डझन हापूस. युरोपीय संघाच्या नियमानुसार बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूधदुभत्याचे पदार्थ आणता येत नाहीत. तूप गेलं. फळं प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. आंबे गेले. आईचा युरोपवर यासाठी जुना राग आहे. 2014 मध्ये फळमाशी सापडली म्हणून त्यांनी भारतातल्या हापूसला बंदी घातली होती, 2015 मध्ये उठवली, पण आईनं उठवलेली नाही. ‘‘म्हणजे काहीच न्यायचं नाही व्हय?’’ मी नियम नीट वाचला. पाच फळांना सूट होती. अननस, केळी, खजूर, ड्युरियन नावाचं एक वास मारणारं फळ, आणि नारळ.

नारळ! आई हात जोडून उठली. तिच्या दृष्टीनं युरोपीय संघानं ओटीची सोय पाहून ठेवली होती.

काल रात्री बॅगा ताणकाट्यावर टांगल्या. प्रत्येकी 23 किलो. आईची बॅग सहाशे ग्रॅमनी जास्त. नारळ शेंडीसकट बरोबर तेवढ्याच वजनाचा. भडंग कमी कर म्हटलं तर आप्पा कमी करू देईनात, तांब्या काढ म्हटलं तरी आप्पाच. शेवटी माझे बूट निघाले.

सगळे झोपल्यावर मी नेपल्सच्या म्युझियमचा नकाशा उघडला. म्हाताऱ्या माणसाला जिने चढायला नकोत, लक्ष्मी कुठल्या दालनात आहे ते आधी बघून ठेवावं. दालन सापडलं. त्याचं नाव गुप्त दालन. पाँपेईच्या घराघरांत रोमन लोकांनी भिंतींवर, दिव्यांवर, घंटांवर जे काही काढून ठेवलं होतं आणि जे चारचौघांत लावता येत नाही, ते सगळं तिथं एकत्र. 1819 मध्ये, म्हणजे पेशवाई बुडाल्याच्या पुढच्या वर्षी, तिथला पुढं राजा झालेला फ्रान्सिस हे बघायला गेला होता. बरोबर बायको आणि मुलगी होती. त्याला इतकी लाज वाटली की त्यानं तो सगळा ऐवज कुलपात टाकायला लावला. मी तर बायको, मुलगी, शिवाय आई आणि नारळ घेऊन चाललो होतो. लक्ष्मीचा फोटोही मी पहिल्यांदाच मोठा करून बघितला. दागिने भरपूर आहेत. हातभर बांगड्या, पायात वाळे, गळ्यात हार. दागिनेच आहेत.

आप्पा पाणी प्यायला उठले होते. मी मोबाइल त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा न लावताच परत दिला. ‘‘मला काय नवीन सांगतोस? चाळीस वर्षं शिकवलंय. तुझ्या आईला तिथं पोचल्यावर कळेल.’’

एवढ्यात आतून आईचा आवाज आला. जागीच होती. ‘‘अहो, ऐकलं का? लक्ष्मीसाठी खण कुठला घेऊ? हिरवा का जांभळा?’’

आप्पांनी ग्लास खाली ठेवला.

‘‘खण नको,’’ ते म्हणाले. ‘‘साडीच घे.’’